तळाशी जाणाऱ्याचा चेहरा

उविलुक पन्नाशीला पोचली तेव्हा तिची लेक पंचाहत्तरीच्या पलीकडे गेली होती. उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावरल्या नुवुक वस्तीत यात कुणाला काही वावगं वाटत नसे. लेकीचं नाव नापातुक. काठी टेकत, धापा टाकत ती चढ चढून यायची, उविलुकच्या दारात उभी राहायची आणि आत डोकावून विचारायची, "बाबा, जेवलास का?"

"जेवले, पोरी. बस."

"बसायला वेळ नाही. नीट जेवत जा. हाडं वर आलीत तुझी."

मग अंगरख्याच्या खिशातून सुकवलेल्या माशाचा तुकडा काढून ती टेबलावर ठेवायची, म्हाताऱ्या बापापुढे लेक ठेवते तसा, आणि निघून जायची.

ज्या हिवाळ्यात म्हातारा उविलुक खोकून खोकून गेला, त्याच हिवाळ्यात शेजारच्या बर्फाच्या घरात ही मुलगी जन्मली. म्हाताऱ्याचं नाव उघड्यावर पडलं होतं. नाव फार काळ उघड्यावर ठेवू नये, गारठतं. ते या मुलीला पांघरलं. बाई की पुरुष हे नाव बघत नाही. नावाबरोबर माणूस आला आणि माणसाबरोबर त्याची सगळी नाती आली. नापातुक म्हाताऱ्याची लेक. तेव्हा ती स्वतः दोन पोरांची आई होती. तान्ह्या मुलीपुढे वाकून, नाक पुसत ती म्हणाली होती म्हणे, "आलास. बरं केलंस."

अशी उविलुकला दोन बालपणं मिळाली. एकात आई तिला कातडं चावून मऊ करायला शिकवायची. दुसऱ्यात नापातुक तिच्यासाठी पुरुषी बेताचे बूट शिवायची आणि कुत्र्यांच्या गाडीवर पुढे बसवायची. तिच्या वयाच्या मुली बाहुल्यांना कपडे शिवत, तेव्हा ही बर्फातल्या भोकाशी भाला धरून सीलच्या श्वासाची वाट बघत उभी असे. तिला पहिला सील मिळाला तेव्हा नापातुकने तो साऱ्या वस्तीत वाटला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या बापाला पुन्हा हात आले."

मोठी झाल्यावर बायका चेष्टा करायच्या. "काय गं उविलुक, दाढी कधी ठेवतेस?"

"तुमच्या नवऱ्यांना फुटू दे आधी," ती म्हणायची. "मग मी ठेवीन."

मान्निकशी लग्न झालं, मुलं झाली. लाकडी घरं आली आणि सगळे त्यांत राहायला गेले. मान्निक दगड कोरायचा. हात चांगला होता, पण धीर नव्हता. खाडीत व्हेल दिसले अशी हाक आली की हातातली कानस तिथेच पडायची. एका वसंतात तो पातळ बर्फावरून गेला आणि परतला नाही. त्याच्या शेडमध्ये एक अर्धा वॉलरस राहिला. डोकं आणि खांदे बाहेर आलेले, बाकीचा अजून दगडात. उविलुकला ते बघवेना. बाहेर यायला धडपडणारं आणि कमरेत अडकलेलं जनावर. काही महिने तिने शेडचं दार उघडलं नाही. मग एके दिवशी उघडलं, कानस उचलली आणि त्याला बाहेर काढलं.

त्यानंतर ती थांबली नाही. वस्तीतल्या बायका शिवतात, काहीजणी चित्रं काढतात. दगडाला कुऱ्हाड लावणाऱ्या थोड्या. उविलुक शेडच्या दारात बसून काम करायची, थंडीतही दार उघडं ठेवून, कारण दगडाची धूळ छातीत बसते. तोंडाला फडकं, भुवया पांढऱ्या, घराच्या खिडकीतून ओढून आणलेली विजेची वायर. तिच्या कामाखालचं नाव वाचायला नुवुकमध्ये कुणी दगड पालथा करत नसे. जनावराच्या मानेचं वळण बघायचे आणि म्हणायचे, ही उविलुकची. तिलाही ते माहीत होतं. ती नम्र बाई नव्हती. कुणी काम बघून "बरं झालंय" म्हणालं, तर ती विचारायची, "बरं म्हणजे कुणाहून?"

दक्षिणेतल्या गोऱ्यांना आंगाकुक आवडतात. ज्याचं वारा ऐकतो, जनावरं ऐकतात, आणि ज्याच्यासोबत माणूस नसलेला कुणीतरी सोबती असतो, तो आंगाकुक. उविलुकने असे पुष्कळ केले होते. ढोल वाजवणारे, खांद्यातून पंख फुटलेले, कमरेखाली अस्वल असलेले. ऐकीव गोष्टींवरून केलेले. सहकारी दुकानात ते जात, दुकान चालवणारा इसाकी ते पेंढ्यात गुंडाळून विमानात चढवी आणि त्यांचं पुढे काय होई ते कुणी विचारत नसे.

एकच आंगाकुक तिने कधी केला नव्हता. तिच्याच नावाचा. म्हातारा उविलुक आंगाकुक होता एवढंच वस्तीला ठाऊक. त्याचा सोबती कोण, तो कुठे जाऊन यायचा, काय करायचा, हे जाणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून सगळ्यांहून मोठ्याने गायचं.

उविलुकने तरुणपणी विचारलं होतं, मान्निक गेल्यावर विचारलं होतं, मधेमधे विचारतच होती.

"पोरी, तो कसा होता गं?"

"तू होतास. तुलाच ठाऊक."

"मला नाही ठाऊक."

"मग मलाही नाही," असं म्हणून नापातुक काठी उचलायची.

आता नापातुकच्या छातीतून श्वास शिटी वाजवत यायचा. चढावर ती दोनदा थांबायची. तिला बघितलं की उविलुकला धास्ती वाटायची, आणि ती सगळी मायेपोटी नव्हती. उविलुक एका माणसाच्या नावात घरात राहावं तशी पन्नास वर्षं राहिली होती, आणि त्या घराची एकुलती एक खिडकी नापातुकने बंद ठेवली होती. ती गेली की भिंतच उरणार होती.

त्या उन्हाळ्यात सगळे होड्या घेऊन दगड आणायला गेले. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कड्यात हिरवा दगड आहे. भरती यायच्या आत तो फोडून होडीत घालायचा. उविलुकला एक भला मोठा मिळाला, चौघांनी मिळून होडीत चढवावा असा, जवळजवळ काळा, ओला केला की आतून हिरवा होणारा. तिने त्याला हातोडीने ठिकठिकाणी वाजवून बघितलं. तडा असला की दगड बद्द बोलतो. हा घंटेसारखा बोलला.

"पणजोबा, याचं काय करणार?" इसाकीने विचारलं. इसाकी म्हणजे नापातुकचा नातू, सहकारी दुकानाचा व्यवस्थापक. नात्याने तो उविलुकचा पणतू लागत होता आणि ते नातं तो भाव ठरवताना हटकून वापरायचा.

"मला करणार," उविलुक म्हणाली.

तिने वाट बघायला हवी होती. पण शेडमध्ये दगड येऊन पडला की हात गप्प बसत नाहीत. सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून हातांना जे येत होतं ते हातांनी केलं. दोन पायांवर उभं राहिलेलं एक थोरलं अस्वल दगडातून वर आलं. पाय फाकलेले, पुढचे पंजे बाजूंना पसरलेले, आणि त्याच्या पोटात एका माणसाचा शांत, डोळे मिटलेला चेहरा. म्हातारा आणि त्याचा सोबती. अस्वलाची मान तिला अशी काही साधली की तिलाच तिचा हेवा वाटला. इसाकी आला, त्याने भोवती फेरी मारली आणि किमतीचा विषयच काढला नाही. इसाकीने किंमत न काढणं ही मोठी गोष्ट.

"पणजोबा," तो शेवटी म्हणाला, "आजवर केलंस ते सगळं विसर."

त्याने फोटो काढून दक्षिणेला पाठवला. तिकडून अस्वल हवंच असल्याचा निरोप आला. उविलुकने उविलुकला कोरलं ही बातमी वस्तीत पसरली, आणि एका दुपारी नापातुक स्वतः चढ चढून शेडपाशी आली.

ती दारातच थांबली. तिने अस्वलाकडे बघितलं. मग आत येऊन काठीचं टोक अस्वलाच्या छातीवर टेकवलं.

"हे कुणाचं?"

"त्याचं. म्हाताऱ्याचा सोबती," उविलुक म्हणाली. आवाजातला अभिमान तिने लपवला नव्हता.

"हे तुलिमाकचं अस्वल आहे."

"कोण तुलिमाक?"

"पलीकडच्या खाडीतला आंगाकुक. आमच्यावर जळायचा. त्याने हे आमच्या तळावर पाठवलं होतं. माझा धाकटा भाऊ त्यात गेला. मी पाच हातांवर होते." नापातुकचा आवाज चढला नाही. तो उलट खाली गेला. "आणि तू माझ्या बापाला याच्या पोटात घातलंस."

उविलुकला तोंडात मारल्यासारखं झालं. "पोरी, मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तर हात कशाला घातलास? दुसऱ्याचा अंगरखाही कुणी न विचारता घालत नाही. तू माझ्या बापाला वैऱ्याचं कातडं चढवलंस. लाज नाही वाटत, बाबा?"

ती गेली. उतारावर काठी घसरत होती तरी ती मागे वळली नाही, आणि हात द्यायला धावायचं उविलुकला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मासा आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. इसाकी डोकावला.

"पणजोबा, आजी घरात भांडी आपटतेय. मला म्हणाली, तुझ्या दुकानाला आग लाव."

"लावलीस?"

"चेष्टा नको. म्हातारीचं मनावर घेऊ नकोस. दक्षिणेत तुलिमाकला कुणी ओळखत नाही."

"इथे ओळखतात," उविलुक म्हणाली.

"इथे म्हणजे एक माणूस."

"एकच पुरतं."

तिसऱ्या दिवशी ती नापातुकच्या घरी गेली. नापातुक जमिनीवर पुठ्ठा पसरून सील कापत बसली होती. तिने वर बघितलं नाही, पण पुठ्ठ्याच्या पलीकडे थोडी जागा केली. उविलुक बसली, खिशातून आपला अर्धगोल सुरा काढला आणि दोघी कापत, खात राहिल्या. भांडण झालं तरी माणसं ताज्या सीलसमोर उपाशी बसत नाहीत.

"मी सांगणार नाही," नापातुक आपण होऊन म्हणाली. "तुला वाटतं मी हट्टी आहे. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"बापाला. ज्या दिवशी आम्ही पलीकडे आलो, त्या दिवशी." पलीकडे येणं म्हणजे जुनं सोडून प्रार्थनेच्या बाजूला येणं. नुवुकमधल्या म्हाताऱ्या माणसांचं आयुष्य त्या दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे असं मोजलं जातं. "मला आठवतं. सगळ्यांनी सीलच्या हृदयाचा तुकडा खाल्ला. आम्हा बायकांना तोवर ते वर्ज्य होतं. तोंडात घातलं आणि वाटलं, आता आभाळ पडणार. नाही पडलं. बापाने सगळ्यांच्या शेवटी खाल्लं. मग तो मला किनाऱ्यावर घेऊन गेला. कमरेचा पट्टा, त्याला लटकवलेल्या वस्तू, सगळं ओहोटीच्या रेषेखाली दगडाआड ठेवलं. म्हणाला, माझ्या सोबत्याचं नाव पुन्हा काढू नकोस. त्याने हाक ऐकली तर तो येईल, आणि मला त्याला परत जा म्हणवणार नाही."

ती थांबली. बोटं पुसली.

"दिला शब्द. पाळलाय."

उविलुक हातातल्या सुऱ्याकडे बघत होती. इतकी वर्षं आपण हिच्या दारात शेजारणीसारख्या, काहीतरी उसनं मागायला आल्यासारख्या उभ्या राहत होतो, हे तिच्या ध्यानात आलं. हिने टेबलावर ठेवलेला मासा आपण खाल्ला. हिने शिवलेले बूट घातले. हिने बाबा म्हटलं की ओ दिली. पण ओ देणं म्हणजे बाप होणं नव्हे. तिने सुरा खाली ठेवला.

"पोरी, इकडे बघ."

नापातुकने बघितलं.

"शब्द कुणाला दिलास?"

"सांगितलं ना. बापाला."

"मी कोण?"

नापातुकचा सुरा थांबला. तिचे गाल तेवढे हलले.

"मी तुला त्या शब्दातून सोडतो," उविलुक म्हणाली. "पाळलास, चांगला पाळलास. आता पुरे. सांग."

खोलीत स्टोव्हवरच्या किटलीचा आवाज होता. नापातुकने तिच्याकडे इतका वेळ रोखून बघितलं की उविलुकला वाटलं, आता काठी येणार. मग म्हातारीच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या आणि ती हसू लागली, छातीतल्या शिटीसकट.

"किती वर्षं लावलीस," ती म्हणाली. "मला वाटलं, बापासारखं एकदा तरी बोलशील की नाही. मरायला टेकले मी वाट बघून."

"मग सुचवायचं नाहीस?"

"बापाला कोण सुचवतं?" तिने डोळे पुसले. "कनायुक."

"काय?"

"सोबती. कनायुक होता."

उविलुकला हसू आवरलं नाही. कनायुक म्हणजे किनाऱ्यालगत दगडाखाली बसणारा काटेरी मासा. डोकं धडाहून मोठं, तोंड डोक्याहून मोठं, मागे शेपूट नावापुरतं. गळाला लागला की पोरं त्याच्या थोबाडाची नक्कल करतात.

"हसतोस? आम्हीही हसायचो, गुपचूप," नापातुक म्हणाली. "इतरांचे सोबती लांडगे, अस्वलं, मोठे पक्षी. आमच्या बापाचा कनायुक. तुलिमाक भर सभेत म्हणाला होता, तुझ्या सोबत्याचं मी कालवण करीन. पण सील नाहीसे झाले की अस्वल काय कामाचं? समुद्राच्या तळाशी ती बाई बसलेली, सीलांची मालकीण, रुसलेली, केसांचा गुंता झालेला, विंचरायला बोटं नाहीत. सगळे सील तिच्यापाशी अडकलेले. अस्वल पाण्यावर पोहतं. तळाशी कोण राहतं? तळाची वाट कुणाला ठाऊक?"

"कनायुकला."

"तो तोंड उघडायचा आणि बाप आत शिरायचा. डोकं आधी. आणि तो त्याला खाली न्यायचा, सरळ खाली. बाप तिचे केस विंचरायचा. वर आला की हात असे गार असायचे की आई ते आपल्या काखेत धरून ठेवायची. मग सील यायचे. तुलिमाकची माणसं आमच्याकडे मांस मागायला यायची. बाप द्यायचा, आणि देताना विचारायचा, अस्वल बरं आहे ना?"

दोघी इतक्या हसल्या की बाहेरून जाणारं कुणीतरी थांबून आत बघून गेलं.

"म्हणून लहानपणी मला कनायुकचं कालवण देत नव्हतीस," उविलुक म्हणाली. "सगळी पोरं ओरपायची आणि माझ्या हातावर चापट."

"आपल्या सोबत्याला कुणी खातं का?"

"मला वाटायचं, काटे टोचतील म्हणून."

"वाटू दिलं," नापातुक म्हणाली. मग हसणं ओसरल्यावर उविलुकने विचारलं, "जाताना चेहरा कसा असायचा त्याचा?"

नापातुकने सीलचा तुकडा कापला, तोंडात घातला आणि चावत राहिली. "सगळं मीच सांगू? थोडं तू कर. तुझा चेहरा तो."

उविलुक शेडमध्ये जाऊन अस्वलासमोर बसली. दगडात घालता येत नाही, फक्त काढता येतं. दुसरा एवढा दगड पुढच्या उन्हाळ्याआधी मिळणार नव्हता, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नापातुकच्या छातीतली ती शिटी वाजत राहील याचा भरवसा नव्हता. या अस्वलातच कुठेतरी कनायुक असायला हवा होता. ती बसून राहिली, उभी राहिली, तिने अस्वलाभोवती फिरून बघितलं. एकदा खाली पडलेली कानस उचलायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. जमिनीवरून बघितलं तर अस्वलाचे दोन फाकलेले पाय म्हणजे दोन जबडे होते. मधली फट म्हणजे तोंड. भलं मोठं, जमिनीकडे उघडलेलं. खाली निघालेलं.

तिने कुऱ्हाड घेतली. नेमका तेव्हाच इसाकी पेंढ्याचं पोतं घेऊन दारात आला. पहिल्या घावात अस्वलाचं नाक गेलं, दुसऱ्यात ती हेवा वाटणारी मान.

"पणजोबा," इसाकी म्हणाला. त्याच्या हातातलं पोतं खाली पडलं. "काय केलंस हे?"

"डोकं जास्त होतं."

"त्यांनी अस्वल मागितलंय."

"मग अस्वलाकडे जाऊन माग."

"पेंढा कुठे ठेवू?"

"बाहेर. आणि दारातून सरक, उजेड अडतोय."

पंज्यांचे पंखांसारखे कल्ले झाले. पाठीवर काटे आले. वरचं धड निमुळतं होत गेलं आणि डोकं होतं तिथे इवलंसं शेपूट राहिलं, आभाळाकडे. पोटातला तो शांत, मिटल्या डोळ्यांचा चेहरा तिने घासून टाकला. नवा चेहरा तोंडाच्या आत करायचा होता, जबड्यांमध्ये, खाली बघणारा. त्यासाठी तिने कॅरिबू हरणाचं कातडं अंथरलं आणि त्यावर उताणी पडून, हात वर करून ती काम करू लागली. धूळ डोळ्यांत पडायची. हात भरून आले की छातीवर ठेवायचे आणि वर, त्या घशात बघत पडायचं.

चेहरा येईना. हातांना सवय होती ती आंगाकुकांच्या चेहऱ्यांची, कठोर, दूरच्या, कशाचंच काही न वाटणाऱ्या. तो चेहरा इथे बसत नव्हता. ती वर बघत पडली होती आणि तो घसा तिच्या नाकासमोर होता, काळा, आत कुठे संपतो ते न दिसणारा. कुणी यात डोकं घालत असेल तर काय होत असेल त्याचं? दर वेळी. बाहेर बायकोपोरं उपाशी, म्हणून जायलाच हवं, आणि समोर हे. उविलुकला तिथून बाहेर सरकावंसं वाटलं. ती सरकली नाही. ती भीती धरून ठेवून तिने डोळे मोठे केले, दगडातले, आणि खालचा ओठ दातांखाली घेतला. आपलाही ओठ दातांखाली आहे हे तिला रक्ताची चव आल्यावर कळलं.

झालं तेव्हा तिला माहीत होतं की झालं. आणि हेही माहीत होतं की नापातुक हे सहन करील असं नाही. वैऱ्याच्या अस्वलाबद्दल माफी मिळाली होती. पण ज्याच्या नावाने आजही लोक आवाज खाली आणतात त्या बापाला भित्रा दाखवल्याबद्दल मिळेल का? एक कानस फिरवली असती तर ओठ मोकळा झाला असता. तिने कानस धुऊन फळीवर ठेवून दिली.

नापातुक इसाकीच्या दंडाला धरून आली. तिच्यामागून, बोलावलं नसताना, अर्धी वस्ती आली आणि शेडच्या बाहेर उभी राहिली. काहींनी तोंडात काहीतरी चघळत ठेवलं होतं, म्हणजे बोलावं लागू नये.

नापातुकने काट्यांवरून हात फिरवला. कल्ल्यांवरून, फुगीर डोक्यावरून. अंगठा ओला करून माशाचा डोळा चोळला, तसा तो हिरवा झाला.

"केवढं कुरूप," ती म्हणाली.

"आहेच."

"हो. असाच असायचा." ती खूश होती. गर्दीकडे वळून, पहिल्या बाकावरच्या आवाजात ती म्हणाली, "कनायुक. माझ्या बापाचा सोबती. तुम्हाला कुणाला हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या."

कुणी हसलं नाही. इसाकी दगडाभोवती फिरत होता. "पणजोबा, माणूस कुठे आहे? चेहरा दिसत नाही."

"खाली."

"खाली कुणाला दिसणार?"

"वाकेल त्याला."

नापातुकने काठी इसाकीच्या हातात दिली. एक हात दगडावर, एक नातवाच्या खांद्यावर ठेवून ती गुडघ्यांवर आली, मग कुशीवर, मग त्या कातड्यावर उताणी झाली आणि सरकत तिने डोकं जबड्यांच्या मधे नेलं. दारातल्यांना आता तिचे बूट तेवढे दिसत होते. ते हलले नाहीत. शिटी ऐकू येत होती, मग तीही थांबल्यासारखी झाली. उविलुकने आपली कोपरं घट्ट धरून ठेवली होती.

"घाबरलाय," आतून आवाज आला.

उविलुक दगडाजवळ सरकली.

"हे मी तुला सांगितलं नव्हतं."

"नाही."

"कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही." दगडाच्या आतून आवाज घुमून येत होता, आणि बाहेरच्या सगळ्यांना तो ऐकू जात होता. "तो खाली जाताना दिवा मालवायचे, त्याआधी मी त्याच्या गुडघ्याशी असायचे. लोकांना ढोल दिसायचा. मला तो ओठ दिसायचा. लोक म्हणायचे, तो कशाला भीत नाही. मला तेव्हा राग यायचा. जो भीत नाही त्याच्या जाण्यात काय आहे? तो दर वेळी असा घाबरायचा, आणि दर वेळी जायचा." ती थांबली. "बाबा, असाच जायचास तू."

बाहेर चघळणं थांबलं होतं. उविलुकने मान वर केली. तिच्या डोळ्यांतून धूळ धुतली जात होती, पण मान वरच राहिली.

"इसाकी," नापातुक म्हणाली, "मी सरकते. ये, आडवा हो. पणजोबा बघ तुझा."

"आजी, नवी पँट आहे."

"धुतली की जुनी होईल. ये."

इसाकी आडवा झाला. आजी आणि नातू शेजारी शेजारी, डोकी जबड्यांत. तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा केसांत धूळ होती आणि तो व्यवस्थापकासारखा दिसत नव्हता.

"दक्षिणेला काय कळवू?" त्याने हळू विचारलं. "त्यांनी अस्वल बघितलंय. हा कसा मांडायचा, कुठून बघायचा, विचारतील ना."

"सांग, आधी जमिनीवर पडा," उविलुक म्हणाली. "उभ्याने बघायचं असेल तर पाठवत नाही."

कातड्याच्या कडेला वस्तीतली माणसं बूट काढून रांगेत उभी राहू लागली होती. सगळ्यांत पुढे चर्चमध्ये प्रार्थना सांगणारा म्हातारा होता. नापातुक आतच होती. तिला कुणी बाहेर ये म्हटलं नाही. ज्याची पाळी येई तो तिच्या बाजूला सरकून पडे, आणि ती त्याला बोटाने दाखवी, तो ओठ, ते डोळे, आणि सांगू लागे.